वाचकांचे प्रश्न : नरकाचा इशारा कोणासाठी?

गेल्या अंकात या सदरात पुनरुत्थानाच्या आशेविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत वाचकांनी त्याच विषयाची दुसरी बाजू विचारली आहे : ज्यांना त्या आशेत वाटा मिळणार नाही, त्यांचे काय होणार? सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : नरक म्हणजे धगधगती आग, आणि तेथे सैतान पापी माणसांचा छळ करीत असतो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हे चित्र खरोखर पवित्र शास्त्रातले आहे काय?

उत्तर : त्यातील थोडे शास्त्रातले आहे आणि बरेचसे नंतरच्या कल्पनेतले. जुन्या करारात मरण पावलेले सर्वजण, नीतिमान असोत की दुष्ट, अधोलोकात उतरतात. तेथे शांतता आहे, अंधार आहे, देवाची स्तुती नाही (स्तोत्र ६:५, ११५:१७), परंतु तेथील शिक्षेविषयी जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. मृतांपैकी काही सार्वकालिक जीवनासाठी उठतील आणि काही अप्रतिष्ठा व धिक्कार यांसाठी उठतील, हे स्पष्ट विधान दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येते. प्रभू येशूच्या काळापर्यंत ही अपेक्षा यहूदी लोकांत बरीच रुजली होती.

येशू ज्या ‘गेहेन्ना’ या नावाने नरकाचा उल्लेख करतो, ते यरुशलेमेच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव आहे. तेथे नगरातला कचरा रात्रंदिवस जळत असे, असे प्रवचनांतून नेहमी सांगितले जाते. त्या काळातील कोणताही लेखी पुरावा त्याला आधार देत नाही. ते वर्णन इसवी सन १२०० च्या सुमारास होऊन गेलेल्या डेव्हिड किम्ही या यहूदी भाष्यकाराच्या लिखाणात सापडते. त्या खोऱ्याची शास्त्राने जपलेली आठवण कचऱ्याहून कितीतरी भयंकर आहे. आहाज आणि मनश्शे या यहूदाच्या राजांनी तेथे पूजा म्हणून आपली पोटची मुले अग्नीत होमली, योशीया राजाने पुढे ते स्थान भ्रष्ट करून ती प्रथा बंद पाडली, आणि यिर्मया संदेष्ट्याने देवाच्या वतीने सांगितले की अशी गोष्ट मी कधी आज्ञापिली नाही, ती माझ्या मनातही आली नव्हती (यिर्मया ७:३१). मुलांना जाळणे ज्या देवाच्या मनातही आले नाही, त्याच देवाच्या न्यायाविषयी बोलताना येशू त्या खोऱ्याचे नाव घेतो, हे ध्यानात ठेवूनच पुढचे सारे वाचले पाहिजे.

शास्त्र नरकासाठी अग्नी हे चित्र वापरते, तसेच बाहेरील अंधार हेही वापरते (मत्तय ८:१२), आणि न मरणारे किडेही (मार्क ९:४८, जे यशयाच्या शेवटच्या वचनावरून घेतलेले आहे). अग्नी आणि अंधार ही दोन्ही चित्रे शब्दशः घेता येत नाहीत. सोळाव्या शतकातील कडक शिस्तीचा प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन यानेही ही वर्णने रूपके मानली होती, आणि त्याच्यावर कोणी ढिलेपणाचा आरोप करणार नाही. रूपक म्हटल्याने मूळ गोष्ट सौम्य होत नाही. शब्दांत मावणार नाही इतके मोठे नुकसान सांगायचे असते तेव्हाच अशी चित्रे वापरावी लागतात.

सैतान हा नरकाचा अधिकारी असतो, ही कल्पना मात्र पूर्णपणे टाकून द्यावी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे तो अग्नी सैतानासाठी आणि त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेला आहे, आणि प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सैतानच त्यात टाकला जातो. तो तेथला दंडित आहे. प्रत्येक पापाला वेगळी यातना, जिभेला टांगलेले निंदक, चिखलात बुडालेले अन्यायी, असली वर्णने दुसऱ्या शतकातील पेत्राच्या नावाने चालणाऱ्या एका लिखाणात आढळतात. मंडळीने ते लिखाण नव्या करारात घेतले नाही. पण चित्रकारांनी आणि कवींनी अशा वर्णनांचा भरपूर उपयोग केला, आणि आपल्या डोक्यातील नरक बहुतांशी त्यांचा आहे.

एक गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. येशू हा इशारा कोणाला देतो, ते शुभवर्तमाने उघडून पाहावे. भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला, लहानांपैकी एकाला अडखळण आणणाऱ्या शिष्याला, शास्त्री व परूशी यांना, दारात पडलेल्या लाजराकडे न पाहणाऱ्या धनवानासारख्या माणसांना, आणि भुकेल्यांना व तुरुंगात असलेल्यांना न भेटता स्वतःला प्रभूचे समजणाऱ्यांना तो दिलेला आहे. परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, उद्देशून येशूने हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव घेतल्याचे एकही उदाहरण नाही. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये परराष्ट्रीयांपुढे केलेल्या भाषणांत न्यायाच्या दिवसाचा उल्लेख आहे, पण नरकाग्नीचे वर्णन एकदाही नाही. आपण मात्र तो इशारा बाहेरच्यांसाठी राखून ठेवला आणि स्वतःला त्यातून वगळले, याचे मला मनापासून दुःख आहे.

प्रश्न : माणूस साठ-सत्तर वर्षे जगतो. त्या मर्यादित आयुष्यातील पापासाठी अंत नसलेली शिक्षा हा न्याय कसा म्हणता येईल? आणि देव प्रीती आहे या वचनाशी त्याचा मेळ कसा घालावा?

उत्तर : हा प्रश्न अश्रद्धेतून येतो असे जे म्हणतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. सारी पृथ्वी ज्याच्या न्यायासनासमोर उभी आहे तो योग्य न्याय करणार नाही काय, असे सदोमासाठी विनवणी करताना अब्राहामाने खुद्द देवालाच विचारले होते.

परंपरेने दिलेले पहिले उत्तर अकराव्या शतकातील धर्मपंडित आन्सेल्म याच्या विचारावर उभे आहे : पापाचे गांभीर्य ते किती वेळ चालले यावर अवलंबून नसून ते कोणाविरुद्ध केले यावर अवलंबून असते, आणि देवाचा मान अमर्याद असल्यामुळे अपराधही अमर्याद ठरतो. हा युक्तिवाद सुसंगत आहे. पण त्याच मापाने मोजल्यास सर्व पापे सारखीच ठरतात, आणि येशू तसे म्हणत नाही. धन्याची इच्छा ठाऊक असून न वागणाऱ्या दासाला पुष्कळ फटके आणि ठाऊक नसलेल्याला थोडे, असे तो सांगतो (लूक १२:४७-४८). न्यायाच्या दिवशी सोर व सीदोन या परराष्ट्रीय नगरांना, त्याचे चमत्कार पाहूनही न वळलेल्या खोराजिन व बेथसैदा यांच्यापेक्षा सोपे जाईल, असेही सांगतो. देवाच्या न्यायात कमी-जास्त आहे, एवढे तरी या वचनांवरून निश्चित दिसते.

दुसरे उत्तर असे की शिक्षा चालू राहते कारण नकार चालू राहतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात नरकाची व्याख्या देवाच्या सहभागितेपासून माणसाने स्वतःला कायमचे वगळून घेणे अशीच केली आहे, देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही असे तेथे स्पष्ट म्हटले आहे, आणि २८ जुलै १९९९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी नरक हे एखाद्या ठिकाणापेक्षा अधिक करून अशा माणसाच्या अवस्थेचे नाव आहे असे सांगितले. पूर्वेकडील मंडळीत याहून खोल गेलेला एक विचार आहे. सातव्या शतकातील सीरियाचा संत इसहाक म्हणतो की नरकात असलेले लोक प्रीतीच्याच चाबकाने घायाळ होतात. जी प्रीती तारलेल्यांना आनंद देते, तिच्याविरुद्ध आपण वागलो ही जाणीव इतरांना जाळते. देवाची प्रीती नरकाच्या दाराशी थांबते असे समजणे त्याला मान्य नव्हते. मला हे उत्तर देवाच्या स्वभावाला सर्वांत अधिक शोभणारे वाटते.

तिसरे उत्तर असे की दुष्टांचा अखेरीस नाश होतो आणि ते अस्तित्वात राहत नाहीत. शिक्षा सार्वकालिक असते ती तिच्या परिणामामुळे, यातना चालू राहिल्यामुळे नव्हे. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी हे शिकवते, इव्हँजेलिकल पुढाऱ्यांपैकी जॉन स्टॉट यांनी १९८८ साली हा विचार सावधपणे पण उघडपणे मांडला, आणि १९९५ साली चर्च ऑफ इंग्लंडच्या सिद्धांत आयोगानेही अशाच दिशेने लिहिले. पापाचे वेतन मरण आहे (रोम ६:२३), आत्मा व शरीर या दोहोंचा नरकात नाश करण्यास जो समर्थ आहे त्याला भ्या (मत्तय १०:२८), आणि अग्नीचे सरोवर म्हणजे दुसरे मरण, ही वचने या मताच्या बाजूने बोलतात. विरुद्ध बाजूला प्रकटीकरण १४:११ मधील युगानुयुग वर चढणारा धूर आहे, आणि पाचव्या शतकातील बिशप ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात मांडलेला मुद्दा आहे : मत्तय २५:४६ मध्ये एकाच वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन आले आहे, तेव्हा एकाला अंत आहे आणि दुसऱ्याला नाही असे म्हणणे विसंगत होय.

ऑगस्टीनचा मुद्दा वजनदार आहे आणि पाश्चात्त्य मंडळीने तोच स्वीकारला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने आणि १५३० च्या ल्यूथरपंथीय ऑग्सबर्ग विश्वासांगीकारानेही. तरीही माझे मत असे आहे की मरण आणि नाश हे शब्द शास्त्रात इतक्या सातत्याने येतात की त्यांचा अर्थ ‘कधीही न मरणे’ असा लावताना आपल्याला संकोच वाटला पाहिजे. नुकसान कायमचे आहे आणि ते खरे आहे, हे मी निःशंकपणे मानतो. ते कायमच्या जाणिवेने भोगावे लागते काय, याविषयी प्रामाणिक विश्वासणाऱ्यांत मतभेद असू शकतो, आणि त्यावरून कोणाच्या विश्वासावर शंका घेऊ नये.

प्रश्न : मग शेवटी सर्वांचेच तारण होईल, असे का मानू नये?

उत्तर : असे मानणारे थोर लोक मंडळीत झाले आहेत. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेनने छळाच्या काळात तुरुंगात यातना सोसल्या. सर्व सृष्टी अखेर देवाकडे परत येईल, अशी आशा त्याने मांडली होती. चौथ्या शतकातील निसाचा ग्रेगरी त्याहून स्पष्टपणे तेच लिहितो, आणि आजही तो पूर्व व पश्चिम या दोन्ही परंपरांत संत मानला जातो. ओरिजेनच्या नावाने चालणाऱ्या मतांचा निषेध मात्र सम्राट जस्टिनियनने ५४३ साली केला, आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या निर्णयांत त्याचे नाव पाखंड्यांमध्ये घेतले गेले. इंग्लंडच्या मंडळीने १५५३ साली आपली शिकवण मांडलेल्या बेचाळीस कलमांत सर्वांचे तारण होईल असे म्हणणाऱ्यांचा निषेध करणारे कलम होते. १५६३ च्या सुधारणेत ते गाळले गेले.

देव सर्वांत सर्व काही होईल (१ करिंथ १५:२८) आणि सर्व माणसांचे तारण व्हावे अशी त्याची इच्छा आहे (१ तीमथ्य २:४), ही वचने कोणीही पुसून टाकू शकत नाही. तरीही सर्वांचे तारण होणारच, असे मी शिकवू शकत नाही, कारण अरुंद दरवाजा, बंद झालेले द्वार आणि बाहेर राहिलेल्या कुमारी ही येशूचीच वाणी आहे, आणि ती पोकळ धमकी होती असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. विसाव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित हान्स उर्स फॉन बाल्थासर यांनी आशा आणि ठाम विधान यांत केलेला फरक मला योग्य वाटतो. सर्वांसाठी आशा धरावी आणि सर्वांसाठी प्रार्थना करावी, हे आपले कर्तव्यच आहे. निकाल आधीच जाहीर करणे हे आपले काम नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ बरीच वर्षे उपासनेला येत नव्हता आणि विश्वासाविषयी कडवटपणे बोलत असे. तो अपघातात अचानक गेला. अंत्यविधीच्या वेळी उपदेश करणाऱ्यांनी त्याचे नाव न घेता असे सुचवले की पश्चात्तापाविना मरणारे आत्ता कोठे आहेत हे आपण जाणतोच. माझी आई त्या दिवसापासून नीट जेवत नाही. आम्ही काय मानावे?

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या भावाच्या मृत्यूबद्दल आणि त्यानंतर तुम्हाला जे ऐकावे लागले त्याबद्दल मला अतिशय वाईट वाटते. आईंना सर्वांत आधी हे सांगा की त्या उपदेशकांनी जे जाणत असल्याचे सुचवले, ते कोणीही माणूस जाणत नाही.

हे मी सांत्वनासाठी म्हणत नाही. मंडळीने शतकानुशतके अनेकांना संत म्हणून घोषित केले, परंतु अमुक माणूस नरकात आहे अशी घोषणा कॅथलिक चर्चने आजवर एकाही व्यक्तीविषयी केलेली नाही. यहूदा इस्कार्योताविषयी येशूचे शब्द अत्यंत कठोर आहेत, तो जन्मला नसता तर त्याला बरे झाले असते असे ते आहेत. तरी त्याच्याविषयीही अशी घोषणा नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी वर उल्लेखिलेल्या प्रबोधनातच म्हटले होते की दंडाज्ञेची शक्यता खरी आहे, पण कोणत्या व्यक्ती तिच्यात सापडल्या आहेत हे आपल्याला कळवलेले नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही न्यायाचा अधिकार ख्रिस्ताखेरीज कोणाला दिलेला नाही.

वधस्तंभावरील अपराध्याची आठवण तुम्हाला असेलच. त्याच्याजवळ बाप्तिस्मा नव्हता, उपासनेला हजेरी नव्हती, केलेल्या नुकसानीची भरपाई करायला आयुष्य उरले नव्हते. त्याने एक वाक्य उच्चारले आणि ते पुरेसे झाले. ते वाक्य येशूने ऐकले आणि शुभवर्तमानात लिहिले गेले, म्हणून आपल्याला कळले. तुमच्या भावाच्या शेवटच्या क्षणी त्याच्या आणि देवाच्या मध्ये काय घडले, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याचा कडवटपणा कोठून आला होता, त्यात इतरांनी केलेल्या दुखापतीचा किती भाग होता, हेही देवच पूर्णपणे जाणतो. आणि ज्याला थोडे ठाऊक होते त्याच्याकडून थोडेच मागितले जाईल, हे येशूचे वचन तुमच्या भावालाही लागू आहे.

तारणप्राप्ती होणारे लोक थोडे आहेत काय, असे एकाने येशूला विचारले होते (लूक १३:२३). येशूने त्याला संख्या सांगितली नाही. अरुंद दरवाजाने आत जाण्याचा तुम्ही नेटाने यत्न करा, असे म्हणून त्याने तो प्रश्न विचारणाऱ्याकडेच वळवला. नरकाविषयीच्या वचनांचा उपयोग दुसऱ्याचे भवितव्य ठरवण्यासाठी करणारा उपदेशक प्रभूने नाकारलेला प्रश्न हाती घेतो, आणि शोकात असलेल्या आईसमोर तो हाती घेणे हे मी गंभीर पाप समजतो. तुम्हाला शक्य असेल तर मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला बरोबर घेऊन त्या उपदेशकांशी बोला. शक्य नसेल तर बोलण्याचे कोणतेही बंधन तुमच्यावर नाही.

भावासाठी प्रार्थना करावी काय, हेही तुम्ही विचारले आहे. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा मृतांसाठी प्रार्थना करतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या करीत नाहीत. तुमच्या मंडळीचा प्रघात काहीही असो, भावाचे नाव घेऊन देवाच्या दयेवर त्याला सोपवणे कोठेही मना नाही. आईंबरोबर बसून हे मोठ्याने करा, आणि जेवणाच्या आधी करा.

प्रश्न : कॅथलिक मानतात ते शुद्धिस्थान म्हणजे नरकाचाच एक सौम्य प्रकार काय?

उत्तर : नाही. कॅथलिक शिकवणीप्रमाणे शुद्धिस्थानात असलेल्या प्रत्येकाचे तारण निश्चित झालेले असते. तेथून कोणी नरकात जात नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली ही शिकवण कायम ठेवली आणि तिच्या आधारे चालणारा धनलोभ बंद करण्यास बिशपांना बजावले. प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत.

प्रश्न : ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्यांचे, आणि बाप्तिस्म्याविना मरण पावलेल्या तान्ह्या मुलांचे काय होते?

उत्तर : मुलांविषयी आधी लिहितो, कारण ज्यांचे मूल गेले आहे असे वाचकही हे वाचत असतील. ऑगस्टीनने अशा मुलांना अत्यंत सौम्य का होईना, पण दंडाज्ञा असते असे मानले होते. मध्ययुगातील धर्मपंडितांना ते सोसेना, म्हणून यातनारहित अशा एका सीमेवरील स्थानाची, म्हणजे लिंबोची, कल्पना मांडली गेली. ती कधीही बंधनकारक सिद्धांत नव्हती, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या मुलांच्या तारणाची आशा धरण्यास गंभीर कारणे आहेत असे प्रसिद्ध केले. बालकांना माझ्याकडे येऊ द्या, असे म्हणणाऱ्या प्रभूने त्यांना परत पाठवले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

ज्यांनी ऐकले नाही त्यांच्याविषयी पौल लिहितो की नियमशास्त्र नसलेले परराष्ट्रीय नियमशास्त्राप्रमाणे वागतात तेव्हा त्यांच्या अंतःकरणात लिहिलेले ते दाखवतात (रोम २:१४-१५). दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली म्हटले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि विवेकाला अनुसरतात, त्यांनाही तारण मिळू शकते. सर्व प्रोटेस्टंट मंडळ्या इतके म्हणत नाहीत. न ऐकल्याबद्दल मात्र कोणालाही शिक्षा होणार नाही, एवढे येशूने सांगितलेल्या दासांच्या दृष्टान्तावरून म्हणता येते असे मला वाटते.

प्रश्न : आमची आठ वर्षांची मुलगी रविवारच्या शाळेत नरकाचे चित्र पाहून आल्यापासून रात्री झोपत नाही. खोटे बोललो तर आपण जळू, असे ती म्हणते. नरकाविषयी मुलांना शिकवूच नये काय?

उत्तर : आठ वर्षांच्या मुलाला ते चित्र दाखवायला नको होते. आपण जे करतो त्याला अर्थ आहे, दुसऱ्याला दुखवले तर देवाला वाईट वाटते, चूक कबूल केली की तो क्षमा करतो, हे या वयात शिकवावे. न्यायाविषयीची वचने ज्या वयात स्वतः वाचून प्रश्न विचारता येतील त्या वयासाठी ठेवावी. प्रीतीत भीती नसते, भीतीमध्ये शासन असते, असे योहान लिहितो (१ योहान ४:१८). शासनाच्या भीतीने देवाकडे आलेले मूल मोठेपणी त्याच्यापासून दूर पळण्याचीच शक्यता अधिक.

मुलीला आज स्पष्ट शब्दांत सांगा की खोटे बोलल्याबद्दल देव लहान मुलांना जाळत नाही, आणि ते चित्र एका माणसाने आपल्या कल्पनेने काढलेले आहे. पुन्हा विचारील तेव्हा पुन्हा तेच सांगा, त्यात फरक करू नका. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना ते चित्र वर्गातून काढून टाकण्याची विनंती करा. त्यांनी कारण विचारल्यास हा अंक त्यांना वाचायला द्यावा, आणि त्यांना उत्तर द्यावेसे वाटल्यास त्यांचे पत्र पुढील अंकात जागा देऊन छापले जाईल.